मुकं बटण : स्क्रीन रीडर आणि घरबसल्या ग्राहकसेवा

सोलापूरहून पुण्याकडे निघालं की मोहोळच्या अलीकडे चिंचोळी एमआयडीसी लागते. इथे बालाजी अमाइन्ससारखी रसायनं बनवणारी कंपनी आहे, मोटारींच्या इंजिनांना कॅमशाफ्ट पुरवणारी प्रिसिजन आहे, आणि आजूबाजूला लहानमोठे कितीतरी कारखाने आहेत. रस्त्यावरून दिसतात ते शेड, टाक्या आणि टँकर. पण माल बनवून विकणाऱ्या कुठल्याही कारखान्यात एक टेबल असतं, जिथे दिवसभर फक्त बोलणं आणि टायपिंग चालतं. माल निघाला का? एलआर नंबर काय? ई-वे बिलाची मुदत आज संपतेय, गाडी कुठे आहे? टेस्ट सर्टिफिकेट मेल करा. दोन ड्रम कमी आले, क्रेडिट नोट कधी देता? डिस्पॅचचं हे टेबल म्हणजेच कारखान्याची ग्राहकसेवा. मोबाइल कंपनीच्या कॉल सेंटरसारखी ती झगमगीत नसते, तिला कुणी ग्राहकसेवा म्हणतही नाही, पण काम तेच आहे. पलीकडच्या माणसाचं ऐकायचं, पडद्यावर माहिती शोधायची, उत्तर द्यायचं आणि दिलेल्या उत्तराची नोंद करायची.

हे काम मुळात कानाचं, जिभेचं आणि बोटांचं आहे. पडद्यावरचा मजकूर कुणी वाचून दाखवला तर ते डोळ्यांवाचून होतं, आणि तो वाचून दाखवणारी स्क्रीन रीडर नावाची सॉफ्टवेअरं तीन दशकांहून जास्त काळ वापरात आहेत. ते टेबल चिंचोळीतच असायला हवं असंही आता राहिलेलं नाही. मोहोळच्या एखाद्या खोलीत किंवा सोलापूरच्या पूर्व भागातल्या घरातही ते मांडता येतं. तरी अशा टेबलांवर अंध माणसं क्वचितच दिसतात. कारण विचारलं की समोरून उलटा प्रश्न येतो, ‘त्यांना जमेल का?’ या प्रस्तावनेचं म्हणणं असं, की प्रश्न चुकीच्या माणसाला विचारला जातोय. स्क्रीन रीडरवर काम करणाऱ्याला नोकरी मिळणार की नाही, याचा निकाल बहुतेक वेळा मुलाखतीच्या खूप आधी, कंपनीने सॉफ्टवेअर विकत घेतलं त्या दिवशीच लागलेला असतो. मुलाखतीत तो फक्त कळतो.

फोनवरचं काम अंधांना नवीन नाही. १९५२ साली मुंबईत नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेली ‘नॅब’, सुरू झाली. पुण्यातली पूना ब्लाइंड मेन्स असोसिएशनही त्याच वर्षीची. खुर्च्या विणणं, खडू आणि मेणबत्त्या बनवणं यांच्यापलीकडे पगाराची जी मोजकी कामं अंधांसाठी मान्य झाली, त्यांत टेलिफोन ऑपरेटरचं काम ठळक होतं. बँका आणि सरकारी कचेऱ्यांच्या स्विचबोर्डवर अंध ऑपरेटर बसू लागले. एक्स्टेन्शनचे नंबर तोंडपाठ, अडलंच तर ब्रेलमधली यादी हाताशी, आणि आवाजावरून माणूस ओळखण्याची सवय. पुढे एसटीडी-पीसीओ बूथ देताना अपंगांना प्राधान्य मिळालं आणि राज्यभर चौकाचौकांत, एसटी स्टँडांवर अंध बूथचालक दिसू लागले.

मग थेट डायलिंग आलं आणि ऑपरेटरची गरज कमी झाली. मोबाइल आला आणि बूथ गेले. ऐकण्याचं, बोलण्याचं, लक्षात ठेवण्याचं कसब तसंच होतं. बदललं ते साधन. स्विचबोर्ड हाताला कळत होता. त्याच्या जागी आलेला ग्राहकनोंदींचा पडदा हाताला काहीच सांगत नव्हता. तो बोलला तरच उपयोग.

त्याला बोलतं करणाऱ्यांत टेड हेंटर हे नाव आधी घ्यावं लागतं. मोटारसायकलच्या शर्यतींत उतरणाऱ्या या अमेरिकन माणसाची दृष्टी १९७८ मधल्या अपघातात गेली. पुढे तो प्रोग्रॅमर झाला, १९८७ मध्ये त्याने भागीदारीत कंपनी काढली, आणि तिने १९८९ च्या सुमाराला डॉससाठी ‘जॉज’ हा स्क्रीन रीडर आणला. नावातली अक्षरं ‘जॉब अॅक्सेस विथ स्पीच’ या शब्दांची, म्हणजे नोकरीचा हेतू नावातच होता. विंडोजवर जॉज १९९५ मध्ये आला. तो उत्तम होता आणि महाग होता. आपल्याकडच्या विद्यार्थ्याला स्वतःच्या पैशाने घेणं अवघड. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मायकल करन या अंध तरुणाने एनव्हीडीए लिहायला घेतला, जेम्स तेह हा त्याचा अंध मित्र त्यात सामील झाला, आणि पूर्णपणे मोफत स्क्रीन रीडर जगाला मिळाला. आज कुठल्याही साध्या विंडोज लॅपटॉपवर तो उतरवून घेता येतो. विंडोजमध्ये नॅरेटर आणि अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक मुळातच असतात. नोकरी देणाऱ्यासाठी याचा अर्थ असा, की अंध कर्मचारी घेताना स्क्रीन रीडरचा खर्च शून्यावरही येऊ शकतो.

स्क्रीन रीडर करतो काय, हे एकदा नीट समजून घ्यायला हवं, कारण पुढच्या सगळ्या अडचणी त्यातूनच निघतात. तो पडद्याचा फोटो काढून वाचत नाही. प्रत्येक सॉफ्टवेअर पडद्यावर काय मांडलंय याची माहिती आतून ऑपरेटिंग सिस्टिमला कळवत असतं, किंवा तसं ते कळवायला हवं असतं : हे बटण आहे, याचं नाव ‘सेव्ह’, ही लिहायची चौकट आहे, हिचं नाव ‘ग्राहकाचा मोबाइल क्रमांक’, हा चेकबॉक्स आहे, त्यावर खूण आहे. स्क्रीन रीडर ही माहिती उचलतो आणि बोलतो. डोळ्याला पडदा एकदम दिसतो, कानाला तो माळेतल्या मण्यांसारखा एकेक करून येतो. म्हणून सराईत माणूस सगळं ऐकत बसत नाही. वेबपानावर ‘एच’ दाबून तो मथळ्यावरून मथळ्यावर उडी मारतो, ‘बी’ दाबून बटणांवर जातो, ‘ई’ दाबून लिहायच्या चौकटीत, ‘टी’ दाबून तक्त्यात. आवाजाचा वेग तो इतका वाढवून ठेवतो की शेजारी बसलेल्याला एक शब्द कळत नाही. माउसला तो हातही लावत नाही.

आता बटण बनवणाऱ्याने त्यावर फक्त फ्लॉपीचं चित्र टाकलं आणि नाव दिलंच नाही, तर स्क्रीन रीडर काय बोलणार? ‘बटण’. पुढचंही ‘बटण’. त्याच्या पुढचंही. त्यांतलं एक सेव्ह करतं, एक तक्रार बंद करतं आणि एक नोंद पुसून टाकतं. या पुस्तकात ‘मुकं बटण’ म्हटलं आहे ते याला. त्याला नाव देणं हे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याचं बहुधा एका ओळीचं काम असतं. ती ओळ लिहिली नाही की एका माणसाची नोकरी अडते.

प्रत्यक्ष कॉलच्या वेळी काय घडतं ते पाहू. फोन वाजतो. सॉफ्टफोनची खिडकी वर येते आणि स्क्रीन रीडर ग्राहकाचं नाव व नंबर सांगतो. नमस्कार करेपर्यंत बोटांनी नोंद उघडलेली असते. इथून पुढे कानात दोन आवाज असतात, एक ग्राहकाचा आणि एक पडद्याचा. नवख्याला हे अशक्य वाटतं. सरावाने जमतं, पण त्याला युक्त्या आहेत. कुणी ग्राहक एका कानात आणि स्क्रीन रीडर दुसऱ्या कानात ठेवतो. यासाठी पूर्वी दोन साउंडकार्डांची आणि वायरींची खटपट करावी लागे. २०२४ साली एनव्हीडीएमध्ये आवाज डाव्या-उजव्या बाजूंना वाटून देण्याची सोयच आली. कुणी ब्रेल डिस्प्ले वापरतो, म्हणजे नोंद बोटांखाली आणि ग्राहक कानात. फक्त हे यंत्र महाग पडतं. आणि कंट्रोल की दाबली की स्क्रीन रीडर तत्क्षणी गप्प होतो, हे प्रत्येकाचं पहिलं शस्त्र. ग्राहक चिडून बोलत असताना पडद्याला गप्प करून त्याचं पूर्ण ऐकणं हा ग्राहकसेवेचा निम्मा भाग आहे, आणि तो इथे आपोआप अंगवळणी पडतो.

खरी घाई कॉल संपल्यावर असते. कॉल कशाबद्दल होता त्याचा कोड टाकायचा, दोन ओळी लिहायच्या, तिकीट पुढच्या विभागाकडे ढकलायचं, आणि हे सगळं ठरलेल्या सेकंदांत. कॉलला सरासरी किती वेळ लागला, म्हणजे ‘एएचटी’, यावर कामगिरी मोजली जाते. कोडची यादी कीबोर्डने उघडत असेल आणि प्रत्येक पर्याय बोलत असेल, तर अंध कर्मचाऱ्याचं काम या वेळात आरामात बसतं. ती फक्त माउसने उघडत असेल, किंवा तिकीट बोटाने ओढून दुसऱ्या रकान्यात टाकावं लागत असेल, तर कितीही हुशार माणूस मागे पडतो. महिनाअखेरीस तक्त्यात दिसतं ते एवढंच, की याचा वेळ जास्त लागतो. वेळ कुणी खाल्ला ते तक्ता सांगत नाही.

घरून काम करण्याची वाट गेल्या काही वर्षांतच रुंद झाली. आपल्या देशात कॉल सेंटरांवर दूरसंचार खात्याची बरीच बंधनं होती आणि त्यांच्या कर्मचाऱ्यांनी घरून काम करणं कागदपत्रांच्या अटींत अडकलेलं होतं. मार्च २०२० मध्ये त्यातून तात्पुरती सूट मिळाली, नोव्हेंबर २०२० मध्ये नियमावलीच बदलली आणि जून २०२१ मध्ये ती आणखी सैल झाली. त्याआधीचे प्रयोग माणसांना एका जागी आणून होत. मुंबईत चेंबूरच्या नॅसोह या संस्थेच्या साथीने युरेका फोर्ब्सने दिव्यांग कर्मचाऱ्यांचं कॉल सेंटर चालवलं, ते असंच. तिथे प्रवास आणि इमारत हे प्रश्न आधी सोडवावे लागतात. घरून काम केलं की ते दोन्ही बाजूला पडतात. चिंचोळीला जायचं म्हणजे महामार्ग ओलांडणं, शेअर रिक्षा, फाट्यापासून कारखान्याच्या गेटपर्यंतची पायपीट आणि भरधाव ट्रेलर. पांढऱ्या काठीवर हा प्रवास रोज दोनदा करणं सोपं नाही. पुण्याला नोकरी मिळालीच तर खोलीभाडं आणि खाणावळ यांत पगार जातो. घरातली नोकरी हे सगळं वाचवते.

पण तिने एक नवी भिंतही आणली आहे. ग्राहकांची माहिती बाहेर जाऊ नये म्हणून कंपन्या घरच्या संगणकावर काही ठेवू देत नाहीत. कर्मचारी दूरच्या सर्व्हरवर चाललेला डेस्कटॉप आपल्या पडद्यावर बघतो, म्हणजे त्याच्याकडे येतं ते निव्वळ चित्र. डोळस माणसाला फरक कळतही नाही. अंध माणसाचा एनव्हीडीए मात्र त्या चित्रापाशी येऊन थांबतो, कारण बटणांची आणि चौकटींची माहिती पलीकडच्या यंत्रात राहिलेली असते. यावर उपाय आहे. स्क्रीन रीडर पलीकडच्या यंत्रावरही बसवावा लागतो आणि तिथला आवाज इकडे आणावा लागतो. ते आयटी विभागाचं अर्ध्या दिवसाचं काम. पण ‘अनोळखी सॉफ्टवेअर’ म्हणून परवानगीचा अर्ज आठवडेच्या आठवडे फिरत राहतो, आणि तोवर प्रशिक्षणाचा काळ संपून जातो. ही परवानगी रुजू होण्याच्या आधी मागावी आणि लेखी मागावी. पुढे येणाऱ्या सूचनांतली सगळ्यात महत्त्वाची सूचना हीच आहे.

मराठीत काम करणाऱ्यापुढे आणखी एक अडचण येते, जिची चर्चा इंग्रजी मार्गदर्शकांत सापडणार नाही. आपल्या कारखान्यांत आणि कचेऱ्यांत वर्षानुवर्षं श्रीलिपी, कृतीदेव अशा फाँटांत मजकूर टाइप झाला. त्या जुन्या फाँटांत डोळ्याला ‘क’ दिसला तरी संगणकाच्या लेखी ते भलतंच इंग्रजी अक्षर किंवा चिन्ह असतं. स्क्रीन रीडर तेच वाचतो आणि कानावर निरर्थक अक्षरांचा मारा होतो. युनिकोडमध्ये टाइप केलेला तोच मजकूर सरळ मराठीत ऐकू येतो. स्कॅन करून पीडीएफ केलेली दरपत्रकं हा याच्याच पुढचा प्रकार. त्यात अक्षरंच नसतात, फक्त चित्र असतं. एनव्हीडीए विंडोजच्या मदतीने अशा चित्रातला मजकूर ओळखून वाचायचा प्रयत्न करतो, पण दराच्या आकड्यांवर त्याच्या भरवशाने ग्राहकाला शब्द देता येत नाही.

ग्राहकही शुद्ध लिहीत नाहीत. चॅटवर येणारी मराठी बहुधा रोमन लिपीत असते. इंग्रजी आवाज ती वाचतो तेव्हा सुरुवातीला हसू येतं, आठवडाभराने त्याचा उच्चार कानाला ओळखीचा होतो. एनव्हीडीएबरोबर येणारा मोफत आवाज मराठी वाचतो, पण फार यांत्रिक. तरी अनेक जण तोच पसंत करतात, कारण वेग वाढवला तरी त्याचे शब्द फुटत नाहीत.

भाषेच्या बाबतीत सोलापूरची बाजू मुळातच भक्कम आहे. इथे गिरणगावाच्या काळापासून मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी एकाच गल्लीत नांदतात. पद्मशाली घरातलं पोर घरात तेलुगू, शाळेत मराठी आणि बाजारात थोडं कन्नड बोलतं. अक्कलकोटकडचा माणूस मराठी-कन्नड या दोन्हींत सहज वावरतो. तीन राज्यांतल्या ग्राहकांना त्यांच्या भाषेत उत्तर देणारा माणूस शोधायला कंपन्यांना एरवी तीन शहरं फिरावी लागतात. स्क्रीन रीडर येणाऱ्या सोलापुरी उमेदवाराने अर्जात सगळ्यात वर लिहावं ते हे.

अडचणी मात्र इथल्या मातीच्याही आहेत. पूर्व भागात शेजारच्या घरात यंत्रमाग चालतो, त्याचा खडखडाट ग्राहकाच्या कानापर्यंत जातो. बाहेरचा आवाज गाळणारा चांगला हेडसेट ही तिथे चैनीची वस्तू राहत नाही. गावाकडे वीज जाते. लॅपटॉपच्या बॅटरीबरोबर राउटरलाही बॅकअप लागतो, आणि एक नेट बंद पडलं तर दुसऱ्या कंपनीचं सिम तयार ठेवावं लागतं. घरच्यांनाही शिकवावं लागतं. पोरगं घरात बसलंय म्हणजे रिकामं आहे असा समज घरोघरी असतो, आणि अंध पोराबद्दल तर तो जास्तच घट्ट. ड्युटीची वेळ ठरलेली, दार बंद, हाक मारायची नाही, हे पहिल्या आठवड्यात ठरलं नाही तर पुढे ठरत नाही. घरात बसून माणूस एकटाही पडतो. चहाच्या टपरीवर कळणाऱ्या बढतीच्या गोष्टी त्याला कळत नाहीत. म्हणून अधूनमधून प्रत्यक्ष कचेरीत जायला मिळावं, अशी अट आधीच घालून घ्यावी.

कायदा या माणसाच्या बाजूने आहे, पण तो कुठवर पोचतो हे माहीत असावं. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मधला आणि लागू झाला १९ एप्रिल २०१७ रोजी. त्यातलं ४ टक्के आरक्षण सरकारी आस्थापनांसाठी आहे, त्यांतला १ टक्का अंध व अल्पदृष्टी व्यक्तींचा. चिंचोळीतल्या खासगी कारखान्याला ते लागू नाही. त्याला लागू आहे ते समान संधी धोरण : प्रत्येक आस्थापनेने ते करायचं आहे, आणि २० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या खासगी आस्थापनेने दिव्यांगांना करता येण्याजोगी पदं आणि द्यायच्या सोयी त्यात लिहायच्या आहेत. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की सुगम्यतेचे नियम नुसते शिफारशीवजा ठेवून चालणार नाही, पाळणं बंधनकारक असे किमान निकष हवेत. रतुरी स्वतः दृष्टिबाधित आहेत आणि त्यांची याचिका २००५ सालची. ३० एप्रिल २०२५ च्या निकालात डिजिटल केवायसीबद्दल बोलताना न्यायालयाने डिजिटल सुविधांपर्यंत पोचणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. सॉफ्टवेअर सुगम्य कशाला म्हणायचं यासाठी आपल्याकडे आयएस १७८०२ हे भारतीय मानक आहे. खरेदीच्या ऑर्डरमध्ये या मानकाचा एका ओळीत उल्लेख करायला एक रुपयाही लागत नाही.

एक शंका आता हमखास येते : बॉट आले, एआय आलं, मग ग्राहकसेवेचं काम राहणार तरी किती? शिल्लक किती, गाडी कुठवर आली, असले प्रश्न बॉटकडे चाललेच आहेत. माणसाकडे उरतात ते गुंतलेले कॉल : चुकीचं बिल, फुटलेला ड्रम, दोनदा सांगूनही न सुटलेली तक्रार. अशा कॉलला जास्त ऐकावं लागतं आणि एका वेळी जास्त पडदे चाळावे लागतात. म्हणजे अंध कर्मचाऱ्याचं कसब जास्त कामाला येईल आणि मुकी बटणं जास्त नडतील. स्विचबोर्ड आणि पीसीओच्या वेळी साधन बदललं तेव्हा कुणी त्याला विचारलं नव्हतं. या वेळी साधन निवडण्याच्या बैठकीत तो बसलेला हवा.

पुढची प्रकरणं तिघांसाठी आहेत. स्क्रीन रीडर शिकलेल्या तरुण-तरुणींनी टायपिंग, कळांचे शॉर्टकट आणि कॉलचा सराव ही प्रकरणं आधी वाचावीत, कारण सहानुभूतीवर मिळालेली नोकरी पहिल्या तिमाहीपलीकडे टिकत नाही. प्रशिक्षकांनी आणि पालकांनी घरातल्या मांडणीचं प्रकरण सोडू नये. आणि कारखानदार, एचआर व आयटीवाल्यांना वेळ कमी असतो हे धरून त्यांच्यासाठी एक चाचणी इथेच देतो.

नवं सॉफ्टवेअर दाखवायला विक्रेता येईल तेव्हा त्याच्या लॅपटॉपचा माउस काढून ठेवा, टचपॅड बंद करा आणि एक तक्रार नोंदवून बंद करायला सांगा. जमलं तर निम्मी चाचणी झाली. निम्मीच, कारण काही सॉफ्टवेअरं कीबोर्डवर झपाझप चालतात पण पडद्यावरची अक्षरं स्वतःच रंगवतात, आतून कुणाला काही कळवत नाहीत. बोटं चालतात आणि कान रिकामे राहतात. म्हणून मग विंडोज, कंट्रोल आणि एंटर या कळा एकत्र दाबा. नॅरेटर सुरू होईल. पडद्याचा प्रकाश पूर्ण कमी करा आणि तीच तक्रार पुन्हा नोंदवायला सांगा. ‘बटण, बटण, बटण’ एवढंच ऐकू आलं, तर दुरुस्तीची तारीख ऑर्डरवर लिहून घ्या आणि ती दुरुस्ती होईपर्यंत शेवटचा हप्ता देऊ नका.